कयाक आणि कनू गाडीच्या टपावरून नेणे : कोकणातले रस्ते, घाट आणि फेरीबोटी

माडाची सावली (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. मालवण तालुक्यात कर्ली खाडीच्या काठाला आमचे घर आहे आणि घरी दोन होड्या आहेत. एक प्लास्टिकची, वर बसून वल्हवायची १२ फुटी कयाक. तिचे वजन २६ किलो भरते. दुसरी फायबरची, उघड्या पोटाची १५ फुटी कनू. ती ३० किलोची आहे. दोन्ही आजवर देवबागच्या संगमापासून वरच्या अंगाला खाडीतच फिरल्या. आता त्या गाडीवर चढवून आचऱ्याची खाडी, कालावल, विजयदुर्गाच्या मागची वाघोटण आणि सवड मिळेल तेव्हा उत्तरेला जयगड, दाभोळ इथपर्यंत न्यायच्या आहेत. शिवाय पावसाळ्यापूर्वी कयाक पुण्याला नेऊन ठेवायची आहे, म्हणजे घाटही चढावा लागणार आहे.

गाडी चार मीटरच्या आतली असून टपावर दोन्ही बाजूंना लांब रेल आहेत. त्या रेलवर आडव्या दांड्या बसवून दोन्ही होड्या एकाच फेरीत नेता येतील का, हा माझा मुख्य प्रश्न आहे. गावातले टेम्पोवाले दादा म्हणतात की सुंभाने करकचून बांधले की काहीही हलत नाही. दुकानदार रॅचेटचे, म्हणजे दांडा मागे-पुढे करून आवळायचे, पट्टे घ्यायला सांगतो. एका परिचितांनी तर कॅरिअर लावूच नका, दंड होतो, असे बजावले. ज्यांनी हे काम स्वतः केले आहे त्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

घाटमाथा

ताई, आधी वजनाचा हिशेब करू, कारण बाकीचे सगळे त्यावर अवलंबून आहे. गाडीच्या माहितीपुस्तिकेत टपावर किती वजन चालते ते पाहा. छोट्या आणि मध्यम गाड्यांसाठी हा आकडा बहुधा ५० ते ७५ किलोंच्या दरम्यान असतो आणि तो चालत्या गाडीसाठी दिलेला असतो. उभ्या गाडीच्या टपावर दोन माणसे चढली तरी टप दबत नाही, यावरून अंदाज बांधू नये. खड्ड्यात आपटताना, वळताना आणि ब्रेक लावताना तेच वजन रेलच्या बोल्टांवर कितीतरी जास्त जोराने येते.

दुसरे म्हणजे, या आकड्यात फक्त होडीचे वजन धरून चालत नाही. तुमचा हिशेब असा होतो : कयाक २६, कनू ३०, दोन दांड्या आणि त्यांचे पाय मिळून साधारण ६, कयाकच्या आधाराच्या खोबण्या ४, म्हणजे एकूण ६६ किलो. शिवाय टपाची मर्यादा वेगळी, रेलची वेगळी आणि दांड्यांची वेगळी असू शकते; या तिन्हींपैकी जी सर्वांत कमी असेल तीच आपली मर्यादा मानायची.

तिसरी गोष्ट रेलची. आपल्याकडच्या अनेक गाड्यांवरच्या रेल निव्वळ शोभेच्या असतात. त्या दिसायला भक्कम असल्या तरी आत नुसत्या खुंट्यांवर किंवा चिकटपट्टीवर बसवलेल्या असतात आणि हिसका बसला की होडीसकट उखडून येऊ शकतात. रेल भार घेणारी आहे असे पुस्तिकेत स्पष्ट लिहिलेले नसेल, तर गाडीच्या सर्व्हिस सेंटरकडून लेखी उत्तर घ्यावे. गॅरेजमध्ये कोणी रेल हलवून पाहिली आणि ‘चांगली घट्ट आहे’ म्हटले, एवढ्यावर विसंबू नये.

माडाची सावली

लगेच पुस्तिका काढून पाहिली. मर्यादा ५० किलो दिली आहे आणि रेलवर दांड्या बसवता येतात असेही लिहिले आहे. म्हणजे दोन्ही होड्या एका वेळी नेण्याचा विचार वजनावरच संपला, असे समजते.

घाटमाथा

होय, आणि वजनात बसल्या असत्या तरी रुंदीत बसल्या नसत्या. अशा गाडीच्या दांडीवर वापरायला जेमतेम एक मीटर, फार तर त्याहून थोडी जास्त जागा मिळते. कनू पालथी टाकली की एकटीच ९० सेंटीमीटर खाते, आणि कयाक कडेवर उभी केली तरी तिला आणखी ४० सेंटीमीटर तरी लागतात. दांड्या गाडीच्या अंगाबाहेर काढून जागा वाढवण्याचा विचारही करू नये. एका फेरीत एक होडी न्यावी. दोन्ही कुटुंबासह लागणार असतील तर दोन गाड्या किंवा टेम्पो.

वल्हे आणि वारा

वजनाचे वर आलेच आहे, म्हणून मी बांधण्याविषयी लिहितो आणि जरा विस्ताराने लिहितो, कारण दुकानात मिळणाऱ्या सामानापेक्षा बांधण्याची पद्धत अधिक महत्त्वाची आहे असे माझे ठाम मत आहे. माझा नियम एकच आहे : एक पट्टा तुटला, एक बकल सुटले किंवा एक दांडी रेलवरून निसटली, तरी होडी गाडीवरच राहिली पाहिजे. पुढचे सगळे त्या नियमातून निघते.

दांड्यांमधले अंतर शक्य तितके जास्त ठेवावे. ७० सेंटीमीटरपेक्षा कमी अंतर मला पटत नाही. होडीचे पुढचे टोक दांडीच्या पुढे जितके लांब जाते तितकी वाऱ्याला तरफ मिळते, आणि दांड्या जवळजवळ असल्या की तोच वारा होडीला आडवी फिरवू पाहतो. होडीचा मध्य दोन्ही दांड्यांच्या मध्यावर आणावा आणि मगच पट्टे टाकावेत.

प्लास्टिकची कयाक सरळ, म्हणजे पोट खाली करून, उघड्या दांड्यांवर ठेवू नये. मे महिन्यात मालवणच्या बाजारात उभ्या केलेल्या गाडीचा पत्रा हाताला सोसवत नाही; त्या उष्णतेत प्लास्टिक मऊ पडते आणि आवळलेल्या पट्ट्याखाली दांडीचा खळगा कायमचा उमटतो. तुमच्यासारख्या वर बसायच्या कयाकचा सपाट तळ यात सर्वांत लवकर दबतो. म्हणून ती पालथी ठेवावी किंवा इंग्रजी जे अक्षराच्या आकाराच्या खोबणीत कडेवर उभी करावी. होडीची कड हा तिचा सर्वांत ताठ भाग असतो. थोडासा खळगा पडलाच तर पट्टे सोडून, काहीही भार न देता, होडी उन्हात पालथी ठेवली की तो बहुतेक वेळा भरून येतो. कनूबाबत वादच नाही, ती पालथी, दोन्ही काठांवर टेकवून न्यायची. दांडीवर फोमची नळी किंवा टायरच्या जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळला की फायबर घासत नाही.

पट्टा २५ मिलिमीटर रुंदीचा, दाबाच्या बकलाचा घ्यावा. हे बकल हाताने ओढूनच आवळायचे असल्यामुळे ताण आपोआप मर्यादेत राहतो. रॅचेटचा दांडा मात्र माणसाच्या ओढीपेक्षा कितीतरी पट जास्त ताण देतो. ट्रकवर लोखंडी सामान बांधायला ते साधन उत्तम आहे, पण त्याने प्लास्टिकची कयाक चेपते आणि फायबरला तडा जातो. तुमच्या दुकानदाराचा सल्ला या कामापुरता ऐकू नये.

पट्टा होडीवरून पलीकडे टाकून दांडीच्या खालून घ्यावा, पुन्हा होडीवरून आपल्या बाजूला आणावा, इकडेही दांडीखालून काढावा आणि मग बकलात घालावा. दांडीच्या पायांच्या आतल्या बाजूने तो जाईल हे पाहावे, म्हणजे टोकाकडून निसटून जाण्याची भीती राहत नाही. प्रत्येक दांडीला स्वतंत्र पट्टा हवा. एकच लांब पट्टा दोन्ही दांड्यांवरून फिरवला तर तो एका ठिकाणी सुटताच सगळेच सुटते. वाऱ्याने पट्टा घुमू लागला, तर त्याला एक पीळ द्यावा. उरलेले शेपूट बांधून टाकावे, मोकळे फडफडू देऊ नये.

आता सर्वांत महत्त्वाचे. पुढचे आणि मागचे टोक दांडीला न बांधता थेट गाडीला बांधायचे. दांडीच उखडली तर तिला बांधलेले सगळे तिच्याबरोबर जाते. टोकाची दोरी गाडीच्या सांगाड्याला असेल तर होडी लटकेल, मागून येणाऱ्या दुचाकीवर पडणार नाही. पुढे ओढण्यासाठी स्क्रूने बसवायचा हूक गाडीबरोबर मिळतो, तो वापरावा, किंवा बॉनेटखालच्या बोल्टला पट्ट्याचा पक्का फास अडकवून घ्यावा. बंपर प्लास्टिकचा असतो, त्याला काहीही बांधू नये. पुढून दोन दोऱ्या उलट्या व्हीसारख्या डावी-उजवीकडे घेतल्या तर होडी आडवी सरकत नाही. या दोऱ्या ताठ असाव्यात, पण होडी वाकेल इतक्या ओढू नयेत. पुढच्या दोरीचा आणखी एक उपयोग आहे : ती चालवणाऱ्याच्या नजरेसमोर असते, त्यामुळे ढिली पडली की होडी हलल्याचे लगेच कळते. मात्र तिचे टोक लांब सोडू नये. सुटलेली दोरी चाकाखाली गेली तर होडीचे नाक खाली ओढले जाते.

घरातून निघाल्यावर चार-पाच किलोमीटरवर थांबून सगळे पुन्हा आवळावे. होडीला दोन्ही हातांनी धरून हलवले की गाडी हलली पाहिजे. गाडी न हलता होडीच हलत असेल तर अजून काम बाकी आहे.

पाग आणि गळ

वर सुंभाचा उल्लेख आला म्हणून लिहितो. आमचे घर मासेमारीचे, त्यामुळे काथ्याच्या दोरीबद्दल मला आदरच आहे. खाऱ्या पाण्यात ती लवकर कुजत नाही, आणि पश्चिम किनाऱ्यावर एके काळी लाकडी फळ्या काथ्याने शिवून होड्या बांधल्या जात, हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु काथ्या खूप ताणला जातो. पाण्यात नांगरलेल्या होडीला हा ताण उपकारक असतो, कारण लाटेचा हिसका तो सोसून घेतो. टपावर तोच दोष ठरतो. टेम्पोवाल्या दादांचे सुंभ चालते, कारण त्यांच्या मालाला हौद्याच्या चार भिंती धरून ठेवतात. टपावर भिंत नाही. तिथे सगळे दोरीवरच असते.

नायलॉनची दोरीही मी टोकांसाठी सुचवणार नाही. ती भिजली की पाणी पिते, सैल होते आणि पावसात निम्म्या वाटेवर पुन्हा आवळावी लागते. पॉलिस्टरची दोरी महाग पडते, पण ओली झाली तरी ती जवळजवळ ताणली जात नाही. उन्हाने मात्र सगळ्याच दोऱ्या आणि पट्टे मरतात. पट्टा हाताला खरखरीत लागू लागला, रंग उडाला, कडेचे धागे सुटले, की तो टपावरून काढून परसातल्या कामाला लावावा.

गाठीच्या बाबतीत, ट्रकवाले ताडपत्री आवळताना मधे फास करून, त्यातून दोरी ओढून घेतात, ती पद्धत शिकून घ्या. तिने हाताच्या ताकदीवर चांगला ताण मिळतो आणि सोडताना दोरी कापावी लागत नाही. ट्यूबचे रबर दांडीला गुंडाळायला उत्तम आहे, हे वर लिहिले आहे ते बरोबर. पण त्याच रबराने होडी बांधणारे लोकही मी पाहिले आहेत. वाऱ्याने होडी उचलली की रबर तिच्याबरोबर वर जाते, त्यामुळे त्याला बांधणे म्हणता येत नाही.

लाल माती

एक शंका. आमच्या भागात इतका वेग कुणी घेतच नाही. महामार्ग सोडला की ताशी ४० किलोमीटर हीच चाल. मग टोकांच्या दोऱ्यांची एवढी गरज आहे का?

वल्हे आणि वारा

प्रश्न योग्य आहे, म्हणून आकड्यांत उत्तर देतो. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. ताशी ४० किलोमीटरला समोरून येणारा दाब दर चौरस मीटरला साधारण साडेसात किलो वजनाइतका असतो; ताशी ८० ला तो ३० किलोंपर्यंत जातो. वेग दुप्पट, दाब चौपट. पालथ्या कनूचे तोंड वाऱ्याला समोरासमोर सापडले की हवा तिच्या पोटात शिरते आणि तिला वर उचलू पाहते.

परंतु वारा फक्त आपल्या वेगाचा नसतो. समोरून ताशी ४० ने येणाऱ्या वाऱ्यात ताशी ४० ने गेले तरी होडीला ८० चाच मार बसतो. खाडीवरचे लांब पूल आठवा. भाट्याच्या किंवा जैतापूरच्या पुलावर दुपारी समुद्राकडून येणारा वारा थेट आडवा लागतो, आणि मेच्या अखेरीस वळवाची वावटळ उठली तर तिला कोणताच हिशेब लागू पडत नाही. त्यात समोरून मोठा कंटेनर गेला की हवेचा धक्का एकदा आत ढकलतो आणि लगेच बाहेर ओढतो. म्हणून माझे उत्तर असे की गावातल्या गावात दोन किलोमीटर जायचे असेल तर दोन पट्टे पुरेत. पूल, महामार्ग किंवा घाट वाटेत असेल तर टोके बांधल्याशिवाय निघू नये. महामार्गावरही मी स्वतः ताशी ७० च्या वर जात नाही.

घाटमाथा

घाटाबद्दल थोडे. पुण्याहून कोल्हापूरमार्गे मालवणला उतरणारे बहुतेक जण फोंडा घाट किंवा गगनबावड्याहून करूळ घाट घेतात. चढताना होडी मागे सरकू पाहते आणि उतरताना, प्रत्येक ब्रेकला, पुढे. आडवे पट्टे हे सरकणे पूर्ण थांबवत नाहीत, कारण प्लास्टिक गुळगुळीत असते आणि ओले झाले तर अधिकच. कयाकच्या तळाला पाणी निघून जाण्यासाठी आरपार भोके असतात. पट्टा किंवा छोटी दोरी त्यातल्या एका भोकातून घेऊन दांडीला अडकवली तर होडी पुढे-मागे जात नाही. कनूला मधल्या आडव्या लाकडी पट्टीला तसाच फास द्यावा.

टपावर ३० किलो चढले की गाडीचा तोल थोडा वर जातो आणि अरुंद वळणावर ती नेहमीपेक्षा अधिक झुकते. हे पहिल्या दोन-तीन वळणांत जाणवते, म्हणून सुरुवातीपासूनच गिअर खालचा ठेवावा. दुसरे, घाटात दरडीच्या आडोशातून उघड्या कड्यावर येताना वारा एकदम लागतो. कशेडीच्या बोगद्यातून बाहेर पडतानाही असाच झटका अनुभवास येतो. घाट संपला की पहिल्या चहाच्या टपरीवर पट्टे पाहावेत. घाटात थांबून पाहू नये, तिथे एसटी आणि मालमोटारींना वाट देण्यापुरतीही जागा नसते.

कायद्याची वही

दंडाविषयी धागाकर्त्या ताईंच्या परिचितांनी जे सांगितले त्यात तथ्य आहे, पण ते अर्धवट आहे. मोटार वाहन कायदा १९८८ मध्ये २०१९ साली दुरुस्ती झाली आणि कलम १९४ मध्ये पोटकलम १अ आले. त्यानुसार वाहनावरील माल बाजूने वाहनाच्या अंगाबाहेर गेला, किंवा पुढे, मागे अथवा उंचीत परवानगीच्या मर्यादेबाहेर गेला, तर २०,००० रुपये दंड आहे आणि तो माल उतरवून घेण्याचा खर्चही आपल्याच माथी येतो. याचा सरळ अर्थ असा की दोन होड्या शेजारी-शेजारी ठेवून एकीची कड आरशाच्या बाहेर डोकावत असेल तर आपण चुकीच्या बाजूला आहोत.

लांबीचा विचार वेगळा करावा लागतो. १२ फुटी कयाक म्हणजे ३.६६ मीटर, ती चार मीटरच्या गाडीच्या लांबीत मावते. १५ फुटी कनू ४.५७ मीटरची होते, म्हणजे अर्ध्या मीटरहून अधिक भाग बाहेर येणारच. तो पुढे अजिबात येऊ न देता मागे घ्यावा असे काही जण म्हणतील, पण होडीचा मध्य दांड्यांच्या मध्यावर असला पाहिजे हेही खरे आहे. त्यामुळे निघण्यापूर्वी आपल्या प्रादेशिक परिवहन कार्यालयात, म्हणजे सिंधुदुर्गात एमएच-०७ आणि रत्नागिरीत एमएच-०८ च्या कार्यालयात, गाडीची आणि होडीची मापे दाखवून विचारावे आणि शक्य तर लेखी उत्तर घ्यावे. कॅरिअर स्वतः लावण्याबाबतही तिथेच विचारावे. गाडीच्या मूळ रचनेत कायमचा बदल करण्याबाबत कलम ५२ कडक आहे, म्हणून टप भोसकून वेल्डिंगने पक्का केलेला सांगाडा टाळावा आणि काढता-घालता येणाऱ्या दांड्या वापराव्यात.

मागचा दिवा, इंडिकेटर आणि नंबरप्लेट झाकली जाऊ नये. मागच्या टोकाला दिवसा लाल कापड आणि रात्री लाल दिवा किंवा चमकणारी पट्टी लावावी. रात्री अशी गाडी चालवूच नये, हा माझा वैयक्तिक आग्रह आहे.

लाल माती

मग चाकांची गाडी, म्हणजे ट्रेलर, मागे जोडला तर सगळे प्रश्न सुटतील का?

कायद्याची वही

ट्रेलरही कायद्याच्या व्याख्येत मोटार वाहनच आहे. त्याची नोंदणी लागते. घरगुती वेल्डिंगचा ट्रेलर रस्त्यावर आणू नये.

धोपाव्याची जेटी

ताई दाभोळपर्यंत येणार आहेत म्हणून फेरीबोटीबद्दल लिहिते, कारण याचा विचार सहसा कुणी करत नाही. सागरी मार्गाने वर येताना जयगडहून तवसाळ, पुढे धोपाव्याहून दाभोळ, आणि त्याही पुढे गेलात तर वेश्वीहून बागमांडला व दिघीहून आगरदांडा, अशा खाड्या गाडीसकट फेरीने ओलांडता येतात. फेरीवर गाड्या अगदी खेटून लावतात. तिथला माणूस गाडीचे बंपर पाहून खुणा करतो, टपावर पुढे-मागे आलेली होडी त्याच्या हिशेबात नसते. मागच्या मिनीबसची काच आणि तुमच्या कनूचे टोक एकाच उंचीवर येतात. चढण्यापूर्वीच खाली उतरून त्या दादांना होडीची लांबी दाखवावी आणि शक्यतो शेवटची जागा मागून घ्यावी. ते बहुधा ऐकतात, कारण नुकसान कुणालाच नको असते.

ओहोटीला फेरीची फळी जास्त उतरती असते. गाडी फळीवरून हळू घ्यावी, नाहीतर मधल्या सांध्यावर बसणाऱ्या हिसक्याने पट्टे सैल होतात. पलीकडे उतरल्यावर पुन्हा एकदा हात लावून पाहावे.

उंचीकडेही लक्ष द्या. कयाक खोबणीत कडेवर उभी केली तर गाडीची उंची अडीच मीटरच्या आसपास जाते. हमरस्त्यावर याचे काही वाटत नाही, पण गावांतल्या पाखाड्यांच्या कडेचे रस्ते, फणसाच्या आणि कलमांच्या खाली आलेल्या फांद्या, लोंबत्या तारा, लॉजच्या फाटकावरची कमान, रेल्वेखालच्या पुलापुढचा लोखंडी आडवा खांब, हे सगळे कोकणात रोजचे आहे. जमिनीपासून होडीच्या सर्वांत उंच बिंदूपर्यंत टेपने मोजून तो आकडा कागदावर लिहून स्टिअरिंगसमोर चिकटवावा. या कारणासाठी मी कडेवर उभी करण्यापेक्षा पालथी ठेवणेच पसंत करते.

वल्हे आणि वारा

हा मुद्दा मला मान्य आहे. किनाऱ्यालगतच्या आतल्या रस्त्यांसाठी पालथी, आणि महामार्गाने लांब जायचे असेल तर कडेवर. कडेवर ठेवलेल्या होडीला आडवा वारा जास्त लागतो, हेही तुमच्या बाजूने आहे.

माडाची सावली

सर्वांचे मनापासून आभार. ठरले आहे ते असे : एका फेरीत एकच होडी, कयाक पालथी, दोन दाबाच्या बकलाचे पट्टे, पुढे-मागे पॉलिस्टरच्या दोऱ्या, आणि कनू लांब न्यायची असेल तेव्हा टेम्पो. अजून दोन गोष्टी विचारायच्या राहिल्या. खाऱ्या पाण्याने दांड्यांचे काय होते, आणि मी बहुतेक वेळा एकटी असते, तर होडी टपावर चढवायची कशी?

पाग आणि गळ

टेम्पो सांगताना हौद्याची लांबी विचारून घ्या. ‘छोटा हत्ती’चा हौदा सात फुटांच्या आसपास असतो, १५ फुटी कनू त्यात तिरकी, केबिनवर टेकून जाते आणि मागे बरीच बाहेर राहते. मोठ्या पिकअपला सांगितलेले बरे.

खाऱ्या पाण्याचे म्हणाल तर ॲल्युमिनियमच्या दांडीत लोखंडी किंवा स्टीलचा बोल्ट असला की दोन धातूंमध्ये मीठ आणि ओलावा साचून ॲल्युमिनियम आतून खात जाते आणि बोल्ट तिथेच गच्च बसतो. बोल्टाला नायलॉनचा वॉशर आणि थोडे ग्रीस लावा. स्टेनलेसमध्ये ३०४ पेक्षा ३१६ नंबरचे समुद्राकाठी जास्त टिकते. घरी आल्यावर दांड्या, बकले, पट्टे आणि टप गोड्या पाण्याने धुवा. आठवड्याभरात पुन्हा जायचे नसेल तर दांड्या उतरवूनच ठेवा, कारण पायाखाली अडकलेली रेती रंगाला पॉलिशपेपरसारखी घासते. होडी चढवण्यापूर्वी तिच्यातले पाणी काढायला विसरू नका. आत राहिलेले दहा लिटर पाणी म्हणजे टपावर दहा किलो जास्त, आणि ते पाणी ब्रेक लावला की पुढे धावते.

धोपाव्याची जेटी

एकटीने चढवण्याबद्दल मी सांगते. सगळे वजन एकदम उचलायचेच नाही. गाडीच्या मागे जाड रबरी पायपुसणे किंवा जुनी गोधडी डिकीच्या काचेवरून टपापर्यंत पसरावी. कयाक गाडीच्या मागे सरळ रेषेत, पालथी ठेवावी. पुढचे टोक उचलून मागच्या दांडीवर टेकवावे, मग मागे जाऊन दुसरे टोक उचलावे आणि ढकलत पुढे सरकवावे. अशा रीतीने एका वेळी हातावर निम्म्याच्या आसपासच वजन येते. कंबर वाकवून उचलू नये, गुडघ्यात बसून उठावे. गाडी उतारावर उभी करू नये, आणि वारा असेल तर गाडीचे तोंड वाऱ्याकडे करून लावावी, नाहीतर पट्टा टाकण्यापूर्वीच होडी आडवी फिरते. चढवताच, बाकी काही करण्याआधी, एक पट्टा सैलसर का होईना पण टाकून घ्यावा.

उतरवताना क्रम उलटा : आधी टोकांच्या दोऱ्या, मग पुढचा पट्टा, आणि मागचा पट्टा सर्वांत शेवटी, एक हात होडीवर ठेवूनच सोडायचा.